कोपऱ्यांचा निकाल

सिद्धाराम म्हमाणे यांच्या लेन्सचे कोपरे विरघळतात, हे डॉ. श्रीमंत वाघमोडे यांनी रविवारी सकाळी कंबर तलावाजवळच्या चहाच्या गाड्यावर, बिस्किट बुडवता बुडवता सांगितलं.

"मधे झकास आहे, म्हमाणे. फर्स्ट क्लास. पण कोपरे बघा. हे बिस्किट बघा आणि तुमचे कोपरे बघा."

बिस्किटाचा भिजलेला कोपरा तेवढ्यात कपात पडला. पक्षी टिपायला जमलेली बाकीची फोटोग्राफर मंडळी हसली. सिद्धाराम हसले नाहीत. डॉक्टर दातांचे होते, त्यामुळे मधल्यापेक्षा कडेचं आधी बघायची त्यांना सवय, हे सिद्धारामना मान्य होतं. पण सिद्धाराम स्वतः जमीन मोजणी खात्यात भूकरमापक होते. मंगळवेढ्यापासून अक्कलकोटपर्यंत लोकांच्या शेतांचे कोपरे ठरवण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी बांधावर पाय ठेवून "कोपरा हितं" म्हटलं की उगारलेल्या कुऱ्हाडी खाली यायच्या. अशा माणसाला 'तुमचे कोपरे विरघळतात' म्हणणं हा निव्वळ फोटोग्राफीचा मुद्दा राहत नाही.

त्यांचा कॅमेरा मीडियम फॉरमॅट डिजिटल होता. म्हणजे आतला, चित्र टिपणारा सेन्सर नेहमीच्या चांगल्या कॅमेऱ्यापेक्षाही बराच मोठा. फोटो भिंतीएवढा छापला तरी डोळ्याची पापणी मोजता यावी. कॅमेरा नवा, पण त्यावरची लेन्स फिल्मच्या जमान्यातली, नवी पेठेतला एक स्टुडिओ बंद झाला तेव्हा घेतलेली, मधे कडं लावून बसवलेली. डॉक्टरांकडे त्याच कॅमेऱ्यासाठी बनवलेली नवीकोरी लेन्स पुण्याच्या एका दुकानातून दोन दिवस वापरून बघायला येणार होती. दोघांचं ठरलं, एकाच कॅमेऱ्यावर दोन्ही लेन्स लावायच्या, एकाच वस्तूचा फोटो काढायचा आणि कोपरे मोठे करून बघायचे.

इथवर प्रकरण दोन माणसांचं होतं. ते गल्लीचं झालं अंबादास चिप्पांमुळे.

सिद्धाराम राहतात सोलापूरच्या पूर्वभागात. खालून वरून, डावीउजवीकडून यंत्रमागांचे कारखाने. चादरी आणि टॉवेल. समोरचा कारखाना चिप्पांचा. त्याच्या माडीवरच्या खोलीत एक भलंमोठं वॉल हँगिंग टांगलेलं आहे. भुईकोट किल्ला, त्याच्या शेजारचा तलाव आणि तलावात पडलेलं बुरुजांचं प्रतिबिंब. अंबादासांच्या वडिलांनी ते हातमागावर विणलेलं. येत्या वस्त्र-प्रदर्शनाच्या दारातच ते लावायचं, असं आयोजकांनी ठरवलं होतं. पण अंबादासांची आई, जिला अख्खी गल्ली अम्मा म्हणते, ती म्हणाली, "ते घराबाहेर जानार न्हाई. मी पन जानार न्हाई. आमी दोघं हितंच."

मग त्याचा फोटो काढून, मूळच्या मापात छापून लावायचं ठरलं. अंबादास सिद्धारामकडे आले.

"सायेब, तुमच्याकडं त्यो मोटा कॅमेरा हाय की. काडता का?"

या गल्लीत सिद्धाराम अठरा वर्षं राहत होते. एवढ्या काळात त्यांना कुणीही, कशाचाही फोटो काढायला सांगितलं नव्हतं. लग्नाला बोलवायचे, पण जेवायला. 'म्हमाणेसाहेब चादरीचे आणि कावळ्याचे फोटो काढतात' एवढीच त्यांची ख्याती. त्यामुळे अंबादासांच्या प्रश्नाने ते खुर्चीतल्या खुर्चीत एक इंच वाढले. पण मोजणीवाल्याची सचोटी आड आली. ते म्हणाले, "माझ्या लेन्सच्या कोपऱ्यांबद्दल एक हरकत दाखल झाली आहे. तिचा निकाल लागू द्या. ज्याचे कोपरे चांगले, त्याने फोटो काढायचा."

"अहो!" आतून त्यांच्या पत्नी श्रीदेवीबाई म्हणाल्या. "कुणी विचारत न्हाई तवा रुसता. विचारलं तर तारीख देता!"

बुधवारी सकाळी पुण्याहून लेन्स आली. गुरुवारी संध्याकाळच्या बसने ती परत जाणार होती. डॉक्टरांनी दवाखान्याला कुलूप लावलं आणि दाढदुखीवाल्यांना लवंग चावायला सांगून ते पूर्वभागात दाखल झाले.

पहिली चाचणी सिद्धारामच्या गच्चीवर झाली. सरावासाठी दोरीवर चौकड्यांची चादर ताणून बांधली, तिवईवर कॅमेरा ठेवला. वारा सुटला. चादर फुगली, बसली, पुन्हा फुगली. शेजारच्या रज्जाकभाईंनी, ज्यांचा चादरी वाहून नेण्याचा टेम्पो आहे, आपल्या गच्चीवरून सल्ला दिला, "साब, खालच्या बाजूला विटा बांधा." विटा बांधल्या. दोरी तुटली. चादर विटांसकट खालच्या मजल्यावरच्या पापडांवर गेली. त्या पापडांच्या मालकीणबाईंनी कोपऱ्यांविषयी जे मत दिलं ते फोटोग्राफीच्या कक्षेत बसत नाही.

"वारा नाही अशी जागा हवी," डॉक्टर म्हणाले.

"मूळ वॉल हँगिंगच घेऊ. खोलीत वारा नाही," सिद्धाराम म्हणाले.

माडीवरच्या खोलीत अम्मा खुर्ची टाकून आधीच बसल्या होत्या. नवऱ्याच्या कामाला परक्या माणसांसोबत एकटं सोडायची त्यांची तयारी नव्हती. खिडकीतून मऊ उजेड येत होता. सिद्धारामनी आडवं-उभं मोजलं, मध्यबिंदू काढला, ओळंबा सोडला. खोलीत उजेड बेताचा, त्यात घाईने टिपलं तर चित्रात दाणे येतात, आणि ते चाचणीत चालत नाहीत, म्हणून प्रत्येक फोटोला अर्धा सेकंद लागणार होता. हात लागू नये म्हणून बटण दुरून दाबायचं. डॉक्टरांनी त्यांच्या लेन्सने फोटो काढले, सिद्धारामनी त्यांच्या लेन्सने. मग लॅपटॉपवर मोठे करून बघितले.

दोन्ही लेन्सचे कोपरे विरघळले होते. मधला भागही विरघळला होता. बुरूज कुठला आणि प्रतिबिंब कुठलं, हे सांगायला पंच बोलवावे लागले असते.

"तुमची तिवई हलते," डॉक्टर म्हणाले.

"तुमची लेन्स प्रवासात आदळली असेल."

"तुमच्या लेन्सचं काय मग?"

"तिला तुमच्या लेन्सची संगत लागली."

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. पुढच्या तासाभरात माडीवर निरनिराळे सल्ले येऊन पोचले. काच पेपराने पुसा. काच पेपराने अजिबात पुसू नका. मोबाईलवर काढा की, आपोआप गोरं होतं. एकाने नजर लागली असेल म्हणून तिवईच्या पायाला लिंबू बांधायचं सुचवलं. डॉक्टरांनी त्याला शास्त्राच्या नावाने झापलं. नंतर सिद्धाराम खाली गेले असताना त्यांनीच लिंबाचं ओझं तिवई स्थिर करायला कितपत पुरेल, अशी चौकशी केल्याचं अम्मांनी पाहिलं.

सिद्धाराम मात्र कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर एकच धागा अतोनात मोठा करून बघत बसले होते. धागा उड्या मारत होता. ठराविक ठेक्यात. ते कॅमेऱ्याला हात लावत नव्हते, श्वासही धरून होते, तरी धागा नाचत होता. असा ठेका माणसाच्या शरीरात एकाच गोष्टीला असतो. सिद्धाराम कुणाला काही न बोलता उठले, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेले आणि रक्तदाब तपासून घेतला. रक्तदाब उत्तम निघाला. त्याने त्यांची काळजी आणखी वाढली.

उलगडा झाला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, वीज क्षणभर डोळा मारून गेली तेव्हा. क्षणभरच. पण तेवढ्यात पडद्यावरचा धागा राष्ट्रगीताला उभा राहिल्यासारखा ताठ थांबला. वीज आली, धागा पुन्हा नाचायला लागला. सिद्धारामनी डोकं वर केलं आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा त्यांना ऐकू आलं, खटक खटक, खटक खटक. खाली चिप्पांचे माग, मागे दुसऱ्याचे, समोर तिसऱ्याचे. जमीन, भिंती, जिना, तिवई, सगळंच ठेक्यात हलत होतं. पूर्वभागात हा आवाज कुणाला ऐकू येत नाही. तो बंद झाला तरच ऐकू येतो.

"डॉक्टर," सिद्धाराम गंभीरपणे म्हणाले, "लेन्स निर्दोष आहेत. दोन्ही. गल्ली हलते आहे."

जेवणाच्या सुट्टीत काढावे म्हटलं, तर एका कारखान्याची सुट्टी दुसऱ्याशी जुळत नव्हती. आठवड्याच्या सुट्टीपर्यंत थांबावं, तर लेन्स आज संध्याकाळी जाणार. सिद्धारामनी सरकारी माणसाला साजेसा मार्ग धरला. ते विजेच्या ऑफिसात गेले.

तिथे महिपती नावाचे साहेब होते. त्यांच्यासमोर तक्रारवाल्यांची रांग होती. वीज नाही, वीज कमी येते, वीज आली ती टीव्ही घेऊन गेली. सिद्धारामची पाळी आली.

"बोला. लाईट कधीपासून न्हाई?"

"आहे. तीच अडचण आहे. दुपारी दहा मिनिटं घालवाल का?"

महिपतीसाहेबांनी चष्मा काढला. मागच्या रांगेतल्या माना पुढे आल्या.

"कशाला?"

"फोटो काढायचाय."

"अंधारात?"

"उजेड खिडकीतून येतो. आम्हाला फक्त माग बंद हवेत."

"हे बघा," महिपतीसाहेब शांतपणे म्हणाले, "शटडाऊन पायजे तर झाड तोडायचं असतंय, न्हाईतर मिरवणूक असतीय. फोटोसाठी तरतूद न्हाई. अर्ज करा, वर पाठवू, पंधरवड्यानं कळवू."

"पण एरवी तर रोज जाते की हो!"

"ती न मागता जाती," महिपतीसाहेब म्हणाले. "मागून जायची सोय न्हाई."

मागच्या रांगेतला एकजण सिद्धारामच्या कानाशी येऊन म्हणाला, "आमच्या एरियात या सायेब फोटो काढायला. तितं लाईटच नसती." बावीस वर्षांच्या नोकरीत लोकांना 'अर्ज करा, वर पाठवू' हे वाक्य सिद्धारामनी अनेकदा ऐकवलं होतं. ते समोरून कसं ऐकू येतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं. ते मान ताठ ठेवून बाहेर पडले. मान खाली गेली ती पार्किंगमध्ये, स्कूटरची किल्ली शोधताना.

अंबादासांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आवो, माग बंद कराय लाईटवाल्याला कशाला इचारता? आमाला इचारा की."

ते चप्पल सरकवून निघाले. कारखान्यामागून कारखाना, मालकामागून मालक. दुपारी तीन वाजता, दहा मिनिटं, सगळ्यांचे माग बंद. कुणी कटकट करेल असं सिद्धारामना वाटलं होतं. मागल्या बाजूच्या मालकांचं आणि अंबादासांचं तर सांडपाण्यावरून वर्षभर बोलणं नव्हतं. तेही म्हणाले, "तुज्या बापाचं काम हाय म्हनून न्हाई. आपल्या गल्लीचं हाय म्हनून. दहा मिन्टं बंद. अकराव्या मिन्टाला चालू."

तीन वाजले. एक माग थांबला, दुसरा थांबला, मग एकेक करत सगळे. शेवटचा खटका मागच्या बाजूचा. आणि गल्लीत अशी शांतता झाली की तीन गल्ल्या पलीकडचा भाजीवाला किती वांगी देतो ते ऐकू येऊ लागलं.

सिद्धारामनी पाहुण्याला पहिला मान दिला. डॉक्टरांची लेन्स कॅमेऱ्यावर चढली. पडद्यावरचा धागा जागच्या जागी उभा होता. डॉक्टरांनी बटणाला बोट लावलं.

इतक्यात जिना धडधडला.

अंबादासांनी सगळ्या मालकांना सांगितलं होतं. कामगारांना आणि घरांना कारण कुणीच सांगितलं नव्हतं. आणि या गल्लीत आठवड्याच्या मधेच, भर दुपारी, वीज असताना सगळे माग एकदम थांबतात ते एकाच कारणाने. मयत झाली की माती होईपर्यंत माग बंद. अम्मांचं वय बघता लोकांना नाव विचारायचीही गरज वाटली नव्हती.

सगळ्यांत पुढे केराबाई होत्या, ज्या कारखान्यात बॉबिन भरतात. त्यांनी जिन्यातच गळा काढला होता. त्यांच्यामागे रज्जाकभाई, हातात हार, डोक्यावर टोपी. त्यांच्यामागे अख्खी गल्ली.

"अम्मा गं! आमाला सोडून कशी गं ग्येलीस!"

"हलू नका!" सिद्धाराम ओरडले.

सगळे जागच्या जागी थिजले. केराबाईंचा सूर हवेत अर्धवट लटकला.

"काय झालं साब? कधी गेल्या?" रज्जाकभाई कुजबुजले.

"मी हाय की!" खुर्चीतून अम्मा म्हणाल्या. "ह्या सायबानं हलू नको म्हनलंय, म्हनून गप हाय."

केराबाईंनी अम्मांकडे बघितलं, हाताने तोंड दाबलं आणि हुंदक्याच्या जागी हसू फुटू नये म्हणून भिंतीला टेकल्या. भिंत हलली. धागा हलला. डॉक्टरांनी त्याच क्षणी बटण दाबलं होतं.

"कुजबूज नको, टेकणं नको," डॉक्टर काकुळतीने म्हणाले. लोक पाय बदलत, खाकरत, एकमेकांना 'काय चाललंय' विचारत उभे. डॉक्टरांनी आणखी दोन फोटो काढले. वेळ संपत आला होता. सिद्धारामना त्यांच्या लेन्सवर एकच फोटो मिळणार होता. त्यांनी लेन्स बदलली, मध्यबिंदू बघितला आणि मागे वळून जिन्यापर्यंत उभ्या असलेल्या गल्लीला म्हणाले, "आता दोन मिनिटं शांतता."

हे वाक्य लोकांना समजलं. शांतता कशी पाळायची हे शाळेपासून सगळ्यांना ठाऊक. माना खाली गेल्या, हात जुळले, पायाखाली मुंगीही चिरडणार नाही अशा बेताने लोक उभे राहिले. रज्जाकभाईंनी डोळे मिटले. अम्मा मात्र मान वर करून एकेकाचा चेहरा बघत होत्या. आपल्यासाठी कोण कोण आलं, याची हजेरी जिवंतपणी घ्यायला मिळणं ही काही लहानसहान गोष्ट नाही.

सिद्धारामनी बटण दाबलं. अर्धा सेकंद गेला. पाठोपाठ मागच्या बाजूने पहिला खटका पडला. अकरावं मिनिट.

"मागच्या गल्लीतल्या येन्नमांच्या घरचं कुनी न्हाई आलं," अम्मा म्हणाल्या. "ध्यानात ठेवीन."

लॅपटॉपभोवती सगळे गोळा झाले. डॉक्टरांच्या तिन्ही फोटोंना बारीकशी थरथर होती. सिद्धारामच्या एकमेव फोटोत किल्ल्याचा बुरूज, तलावाचं पाणी, पाण्यातल्या बुरुजाचा धागान् धागा वेगळा दिसत होता. मध्यापासून पार कोपऱ्यापर्यंत. गल्लीने टाळ्या वाजवल्या. "आपल्या गल्लीची लेन्स!" कुणीतरी ओरडलं.

"थांबा," सिद्धाराम म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. "ही चाचणी ग्राह्य धरता येत नाही. डॉक्टरांच्या वेळी लोक हलत होते, माझ्या वेळी श्रद्धांजली चालू होती. परिस्थिती समान नव्हती. पुन्हा घ्यावी लागेल."

"पुन्ना माग बंद?" अंबादासांनी विचारलं. जिन्यावरून बरेच आवाज एकदम आले, त्यांचा मथितार्थ 'नाही' असा होता.

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. लेन्सला बस गाठायची होती. "म्हमाणे, निकाल राखून ठेवू," ते म्हणाले. "पण मला वाटतं, माझेच कोपरे चांगले असते."

"शक्य आहे," सिद्धाराम म्हणाले. हे शब्द उच्चारताना त्यांना किती जड गेलं ते फक्त श्रीदेवीबाईंना कळलं. त्या जिन्यात उभ्या होत्या आणि त्यांना नवऱ्याचा इतका राग आणि इतका अभिमान एकाच वेळी कधी आला नव्हता.

निकाल अम्मांनी लावला. "मला लेन्स कळत न्हाई," त्या अंबादासांना म्हणाल्या. "गल्ली माज्यासाटी उभी ऱ्हायली तवा जो फोटो निगाला, त्यो लाव."

म्हणजे फोटो सिद्धारामचा लागला. पण कारण चुकीचं. कागदपत्रं बरोबर असताना वशिल्याने काम व्हावं, तसं त्यांना वाटत राहिलं. अंबादासांनी फोटोखाली त्यांचं नाव छापून घेतलं, तेव्हा 'चाचणी अपूर्ण' असं कंसात टाकता येईल का, हेही त्यांनी विचारून पाहिलं. छापणाऱ्याने ऐकलं नाही.

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी पूर्वभागातली निम्मी गल्ली दारातच अडकून पडली. जाड, बिनचकाकीच्या कागदावर छापलेला किल्ला दोन दांड्यांना लावून अगदी मूळच्यासारखा टांगला होता. लोक किल्ल्याकडे कमी आणि पाहुण्यांकडे जास्त बघत होते. "ह्या फोटोसाटी आमचे माग थांबल्याले," केराबाई येईल त्याला सांगत होत्या. रज्जाकभाई आपण हार घेऊन कसे गेलो ते सांगत होते, आणि प्रत्येक वेळी हार मोठा होत होता. डॉक्टर आले, सरळ उजव्या खालच्या कोपऱ्याशी वाकले आणि कवळी बसवताना बघतात तसं एक डोळा मिटून बघू लागले. शेजारी सिद्धाराम हात मागे बांधून उभे.

तेवढ्यात वैरागचा एक कापडाचा व्यापारी गर्दीतून पुढे आला. पांढरा सदरा, कपाळावर गंध, तोंडात पान. त्याने मधे बघितलंच नाही. कापड घेणारी माणसं मधे बघत नाहीत. तो सरळ कोपऱ्यापाशी आला, डॉक्टरांना खांद्याने बाजूला केलं आणि उजवा खालचा कोपरा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून सूत चोळून बघितलं.

मग पुन्हा चोळलं. मग वाकून बघितलं.

"आयला," तो म्हणाला. "ह्यो कागूद हाय व्हय?"

डॉक्टर हळूच सरळ झाले. सिद्धारामनी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

"एका माणसाच्या चिमटीवरून निकाल लागत नाही, म्हमाणे," डॉक्टर म्हणाले.

"बरोबर आहे," सिद्धाराम म्हणाले. व्यापाऱ्याच्या मागून आणखी दोन कापडवाले येत होते. सिद्धाराम एक पाऊल मागे सरकले आणि त्यांना कोपऱ्यापाशी जागा करून दिली.